बाबांनी लावलेला टॅग

माझं काम नेमकं काय आहे हे आमच्या घरात आजवर कोणालाच नीट सांगता आलेलं नाही, आणि त्यात मीही आलो. कंपनीच्या कागदावर मी 'सीनियर टेस्ट इंजिनियर' आहे. म्हणजे दुसऱ्यांनी बनवलेली स्क्रीन उघडायची, तिच्यावरचं एकेक बटण दाबून पाहायचं, आणि दाबल्यावर जे व्हायला पाहिजे ते होत नसेल तर तशी तक्रार नोंदवायची. चौदा वर्षं मी हेच करतो आहे. जन्मतारीख उद्याची टाकली तरी आमचा एक फॉर्म माणसाचा विमा उतरवतो, हे मी शोधून काढलं होतं. त्याबद्दल मला कंपनीकडून एक मग मिळाला. तो गळका होता. मी त्याचीही तक्रार नोंदवली.

बाबांच्या दृष्टीनं मात्र मी बसलेला असतो. बाबा म्हणजे लहानूजी रंगारी, छत्तीस वर्षं भिलाईच्या स्टील प्लांटमध्ये इलेक्ट्रिशियन. ए शिफ्ट, बी शिफ्ट, सी शिफ्ट, अंगावर जाड निळे कपडे आणि संध्याकाळी घरी आल्यावर दोन बादल्या पाण्यानं आंघोळ, याला ते काम म्हणतात. लॉकडाउनमध्ये मी पुण्याहून भिलाईला परतलो आणि कोहक्यातल्या आमच्या घरात समोरच्या खोलीत लॅपटॉप मांडला. तेव्हापासून फाटकाशी येऊन कोणी विचारलं, "राजदीप काय करून राहिला?" की बाबा तिथूनच सांगतात, "काय नाई, बसला हाये आतमंधी." एकदा पाठ दुखते म्हणून मी उंच टेबल आणून उभ्यानं काम सुरू केलं. त्या आठवड्यात बाबांनी लोकांना काय सांगितलं ते मी मुद्दाम ऐकलं. "बसला हाये," असंच सांगितलं.

अशा या बसलेल्या माणसाला जानेवारीत कंपनीची मेल आली. विषय होता, 'एका रोमांचक प्रवासाची सुरुवात'. आत असं लिहिलं होतं की बटणं दाबून पाहण्याचं काम आता एक यंत्रणा आपलं आपणच करेल, आमचा विभाग ३१ मार्चला बंद होईल, आणि तोवर ज्याला कंपनीतल्याच दुसऱ्या विभागात जागा मिळेल तो राहील. बाकीच्यांना शुभेच्छा दिल्या होत्या. शुभेच्छा तेवढ्या जाड अक्षरात होत्या.

मी ती मेल चार वेळा वाचली, सवयीनं तिच्यातल्या दोन चुका शोधल्या, आणि मग संघमित्राला बोलावलं. माझी बायको शाळेत गणित शिकवते. तिनं मेल वाचली आणि विचारलं, "दिवस किती आहेत?" मी म्हटलं, "एकोणसत्तर." ती म्हणाली, "मग वेळापत्रक करून घ्या." आमच्या घरात रडारड करायची तर तीही वेळापत्रकात बसवावी लागते.

बाबांना सांगायचं नाही, एवढं मात्र मी तेव्हाच ठरवलं. त्याला कारण होतं. मी बारावीला असताना बाबा प्लांटच्या अप्रेंटिसशिपचा फॉर्म घेऊन आले होते. मी तो भरला नाही आणि कॉम्प्युटरला गेलो. त्यावर बाबा काहीही बोलले नाहीत. हे काही न बोलणं जुलैपासून ऑक्टोबरपर्यंत चाललं. आता एकेचाळिसाव्या वर्षी, दोन मुलांचा बाप असताना, ज्या नोकरीसाठी तो फॉर्म बाजूला ठेवला ती नोकरी गेली हे मला त्यांना सांगायचं नव्हतं. नोकरी जाण्यापेक्षा मला त्यांच्या गप्प बसण्याची भीती जास्त होती, हे आज कबूल करायला हरकत नाही.

संघमित्रानं ही गोष्ट कोणालाच सांगितली नाही. फक्त समोरच्या रत्नमाला काकूंना सांगितली. त्यामुळे दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचे यजमान देवराव काका फाइल घेऊन आले.

देवराव काका प्लांटच्या कार्मिक विभागात चौतीस वर्षं होते. कोणाची बदली, कोणाची बढती, कोणाच्या अर्जावर काय शेरा, हे सगळं त्यांच्या हातून गेलेलं. निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली तरी त्यांच्या खिशात दोन पेनं असतात, एक निळं आणि एक लाल.

"हे पाय राजदीप," ते म्हणाले, "हा कॅडर चेंज हाये. याले प्रॉपर चॅनल लागते. तू कोनाले भेटला, कोनाले फोन केला, त्याले काही अर्थ नाई. कागद कुठं हाये?"

मी सांगितलं की आता कागद नसतो, पोर्टल असतं.

"पोर्टलले आवक नंबर असते का?"

"असतो. त्याला तिकीट म्हणतात."

"मंग कागदच हाये तो," काका म्हणाले, आणि त्यांनी फाइल उघडून निळ्या पेननं पहिली ओळ लिहिली: 'विषय: संवर्ग बदलून मिळणेबाबत.' अर्ज तीन प्रतींत करायचा असंही सांगितलं. एक कार्यालयाला, एक आपल्याला आणि एक संबंधितांस. संबंधित कोण, असं मी विचारलं. ते म्हणाले, "असतेच कोनी ना कोनी. तू नोको टेन्शन घेऊ."

संवर्ग बदलायचा हे ठरलं, पण कोणत्या संवर्गात जायचं हे ठरायचं होतं. रत्नमाला काकूंचा भाचा पीयूष हैदराबादला मोठ्या कंपनीत आहे. त्याला व्हिडिओवर बोलावण्यात आलं. त्याच्या मागं हिरवी झाडं होती, ती खरी नव्हती हे मी लगेच ओळखलं, कारण तो हलला की एक झाड त्याच्या कानातून जात होतं.

"भैया, टेस्टिंग तो खतम हाये," पीयूष म्हणाला. "तुमी डेटा में जाओ. आँख बंद करके जाओ. मी पन डेटामंधीच हाओ."

मी डेटात जायचं ठरवून आठ आठवड्यांचा कोर्स लावला. तिसऱ्या आठवड्यात पीयूषचा फोन आला. आवाज खाली गेला होता. "भैया, तुमच्या कंपनीत काही आहे का? आमच्याकडं डेटावाल्यांनाच आधी काढायची लिस्ट लागली." मी त्याला देवराव काकांचा नंबर दिला. काका त्याचेच मावसे होते हे मला नंतर आठवलं.

डेटा सोडून मी क्लाउडचा कोर्स घेतला. तो चाळीस तासांचा होता आणि शिकवणारा माणूस इतका हळू बोलायचा की मी त्याला दीडपट वेगानं ऐकायचो. कानात हेडफोन घालून मी मान हलवत बसलेला पाहून बाबा एकदा दारात थांबले, थोडा वेळ बघत राहिले आणि गेले. स्वयंपाकघरात जाऊन त्यांनी संघमित्राला सांगितलं, "गाने आयकून राहिला." मला वाईट वाटलं, पण खुलासा करायचा तर सगळंच सांगावं लागलं असतं.

मग पोर्टल. आमच्या पोर्टलवर दुसऱ्या विभागात अर्ज करायला आपल्या विभागाचं मुक्तिपत्र जोडावं लागतं. मुक्तिपत्र देणार माझे मॅनेजर आनंद सर. त्यांनी सांगितलं की निवड झाल्याशिवाय मुक्तिपत्र देता येत नाही. मी म्हटलं, मुक्तिपत्राशिवाय निवड होत नाही. ते म्हणाले, "बरोबर आहे तुझं," आणि दुसऱ्या मीटिंगला गेले. आनंद सरांबद्दल माझी काही तक्रार नाही. त्यांचंही नाव मार्चअखेर जाणाऱ्यांच्या यादीत होतं.

शेवटी मी मुक्तिपत्राच्या जागी मुलाच्या शाळेच्या फीची पावती जोडली, आणि पोर्टलनं ती बिनतक्रार घेतली. ही एक चूक झाली. मला राहवेना. मी तो फॉर्म वरपासून खालपर्यंत तपासला आणि एकूण अकरा चुका नोंदवल्या. अकरावी चूक अशी होती की 'अर्ज सादर करा' हे बटण चालतच नव्हतं. दोन दिवसांनी त्या अकराही तक्रारी तपासणीसाठी आमच्या विभागाकडे आल्या, आणि विभागात त्या माझ्या नावावर पडल्या. म्हणजे मला अर्ज करता येत नाही ही माझी तक्रार खरी आहे का, हे मला तपासून कळवायचं होतं. मी कळवलं, खरी आहे. तेव्हा पोर्टलवाल्यांनी ते बटणच काढून टाकलं. नियमानं तक्रार मिटली, कारण न चालणारं बटण आता तिथं नव्हतं.

हे मी देवराव काकांना सांगितलं तेव्हा ते हसले नाहीत. त्यांनी फाइलमधून अर्जाची पहिली प्रत काढली आणि म्हणाले, "याचा फोटो काढ आन सगळ्यात मोठ्या सायबाले धाड." मला हे हास्यास्पद वाटलं. हाताने लिहिलेला, डाव्या बाजूला समास सोडलेला, 'महोदय, सविनय निवेदन आहे की' असा अर्ज मी पुण्याच्या मनुष्यबळ विभागाच्या प्रमुखांना पाठवला. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. त्यांनी लिहिलं होतं की कित्येक वर्षांत त्यांना इतकं स्पष्ट निवेदन कोणी पाठवलं नव्हतं. मुलाखत मंजूर झाली होती. मार्च उजाडला होता आणि एकच जागा उरली होती, तीही डेटात किंवा क्लाउडमध्ये नव्हती. विभागाचं नाव होतं 'रिलायबिलिटी'. ते लोक काय करतात हे मी आनंद सरांना विचारलं. ते म्हणाले, चालू सिस्टीम चालू ठेवतात.

"मेंटेनन्स," देवराव काका म्हणाले, आणि लाल पेननं फाइलवर तसं लिहिलं.

मुलाखत शनिवारी सकाळी अकरा वाजता होती. घेणार होत्या विभागप्रमुख प्राची मॅडम. हीच एक संधी होती. ती गेली की पुढं फक्त जाड अक्षरातल्या शुभेच्छा.

इथं एक गोष्ट सांगितली पाहिजे. आमच्या कंपनीचा लॅपटॉप घरच्या नोंदवलेल्या वाय-फायवरच चालतो. मोबाइलचं इंटरनेट जोडायचं असेल तर तीन दिवस आधी तिकीट टाकून परवानगी घ्यावी लागते. मी ती घेतली नव्हती. आमच्या घरचं वायरिंग बाबांनी स्वतः केलेलं आहे आणि बारा वर्षांत ते एकदाही बंद पडलेलं नाही. गल्लीत सगळीकडे अंधार असला तरी आमचा इन्व्हर्टर बिनबोभाट सुरू होतो. बाबांच्या वायरिंगवर माझा माझ्यापेक्षा जास्त विश्वास होता.

शुक्रवारी संध्याकाळी मी बाबांना म्हटलं, "बाबा, उद्या अकरा ते बारा माझी महत्त्वाची मीटिंग आहे. घरात आवाज नको."

बाबा तांदूळ निवडत होते. ते थांबले. "कोनता आवाज?"

"कुठलाच. बेल, मिक्सर, पाण्याची मोटर, काहीच नको."

"अकरा ते बारा."

"हो."

"होऊन जाइन," बाबा म्हणाले, आणि पुन्हा तांदळाकडे वळले. एवढ्यावर मी निश्चिंत झालो. चौदा वर्षं चुका शोधणाऱ्या माणसाला समोर बसलेल्या माणसाच्या डोळ्यांत तयार होत असलेली योजना दिसली नाही.

शनिवारी मी पांढरा शर्ट घातला, टाय बांधला, आणि खाली घरातली हाफ पँट ठेवली. कॅमेऱ्यात टेबलाच्या खालचं दिसत नाही, हे मी स्वतः तपासून घेतलं होतं. संघमित्रानं अर्ध्या दिवसाची रजा काढली होती. मुलं शाळेत होती. अकराला प्राची मॅडम पडद्यावर आल्या. पन्नाशीच्या, आखूड केसांच्या, आणि हसण्यात वेळ न घालवणाऱ्या. त्यांनी माझी चौदा वर्षं सहा मिनिटांत संपवली आणि मग विचारलं, "समजा, सिस्टीम बंद ठेवून तुम्ही तिच्यात एक बदल करता आहात, आणि तेवढ्यात दुसरं कोणी घाईघाईनं ती सुरू करायला आलं, तर तुम्ही काय कराल?"

याचं उत्तर मला पाठ होतं. त्यात एकूण अकरा इंग्रजी शब्द होते. तिसऱ्या शब्दाला मॅडमचा चेहरा थांबला, तोंड अर्धवट उघडं. डोक्यावरचा पंखाही हळू होत होत थांबला. बाहेर कुठलाही आवाज नव्हता. मागितली होती तशी, अगदी पूर्ण शांतता होती.

मी मिनिटभर राउटरची बटणं दाबून पाहिली आणि मग बोळातल्या मेन बोर्डाकडे धावलो. आमचा बोर्ड एका लोखंडी पेटीत आहे. पेटीला कुलूप होतं आणि कुलपाला लाल टॅग लटकत होता.

जे भिलाईचे नाहीत त्यांना हा टॅग समजावून सांगावा लागेल. प्लांटमध्ये कुठल्याही मशीनवर काम करायचं तर आधी तिची लाइन बंद करतात, फ्यूज काढून खिशात ठेवतात किंवा कुलूप घालतात, आणि वर लाल टॅग लावतात. ज्यानं टॅग लावला त्यानंच तो काढायचा. दुसऱ्या कोणी काढायचा नाही, मग तो कितीही मोठा साहेब असो. ऐंशीच्या दशकात बाबांच्या शिफ्टमधले धोंडबा काका माल वाहणाऱ्या एका पट्ट्याच्या आत शिरून बेअरिंग बदलत होते आणि शिफ्ट बदलली. नव्या शिफ्टच्या माणसाला आत कोणी आहे हे ठाऊक नव्हतं. त्यानं बटण दाबलं. पट्टा हलला नाही, कारण फ्यूज बाबांच्या खिशात होता आणि बाबा तिथंच बाजूला बसून डबा खात होते. धोंडबा काका आता राजनांदगावला असतात. दर हिवाळ्यात त्यांच्याकडून आमच्याकडे तिवऱ्याची, म्हणजे लाखोळीच्या पाल्याची, भाजी येते. आम्ही भावंडं ती भाजी खात आणि ती गोष्ट ऐकत मोठे झालो. आमच्या घरात लाल टॅगला हात लावणं म्हणजे धोंडबा काकांच्या अंगावर हात टाकणं.

संघमित्रा खलबत्त्यातला बत्ता घेऊन आली. "फोडू का?" तिनं विचारलं.

कुलूप लहान होतं. एका घावात गेलं असतं. घड्याळात अकरा वाजून नऊ मिनिटं झाली होती. एकोणसत्तर दिवस, दोन कोर्स, अकरा तक्रारी आणि तीन प्रती त्या पेटीच्या आत अडकल्या होत्या.

"टॅग आहे," मी म्हणालो.

"हो," ती म्हणाली, आणि तिनं बत्ता खाली ठेवला. तिचे वडील रेल्वेत सिग्नल खात्यात होते.

मी आनंद सरांना मेसेज केला. 'मीटिंगमध्ये आहे,' असं उत्तर आलं. मी बाबांना फोन लावला, तो बंद होता. संघमित्रानं सांगितलं की सकाळीच त्यांनी तो बंद करून तांदळाच्या डब्यात ठेवला, चुकून वाजू नये म्हणून. बाबा स्वतः कुठं होते ते तिला माहीत नव्हतं. "मागच्या गल्लीत फरशी कापायची मशीन चालू होती," ती म्हणाली. "तिकडं गेले असतील."

मी पायात मिळाली ती चप्पल घालून धावलो. वर टाय, खाली हाफ पँट. देवराव काका फाटकात उभे होते. "झाला का इंटरव्ह्यू?" त्यांनी एवढ्या मोठ्यानं विचारलं की पलीकडच्या गच्चीवर पापड वाळवणाऱ्या बायाही उत्तर ऐकायला थांबल्या. मी टाय धरून पळतच राहिलो. माणसाची एकेचाळीस वर्षांची अब्रू कोहक्याच्या दोन गल्ल्यांत संपू शकते.

मागच्या गल्लीत अर्धवट बांधलेलं घर होतं. फरशी कापायची मशीन गप्प होती. तीन कामगार सावलीत तंबाखू चोळत होते आणि बाबा उलट्या घमेल्यावर बसले होते. त्यांच्या मागे, कामगारांच्या लाकडी बोर्डावरही लाल टॅग होता.

"बबा ह बंद करवा दे हे, भैया," त्यातला एक मला छत्तीसगढीत म्हणाला. "बारा बजे चालू होही."

"बाबा," मी म्हणालो, "चाबी द्या."

बाबांनी माझ्याकडे वरून खाली पाहिलं. टायपाशी नजर थोडी थांबली, हाफ पँटपाशी जास्त.

"झालं काम?"

"नाही. अर्ध्यात बंद पडलं. वाय-फाय गेला."

"वाय-फाय बेलच्या लाइनीवर हाये," बाबा म्हणाले. "बेल नोको, तूच म्हनला."

"हो, पण आता ती चालू करा."

"काम झालं नाई त टॅग कसा काढू?"

"टॅग काढल्याशिवाय काम होणार नाही, बाबा."

बाबा विचारात पडले. छत्तीस वर्षांत अशी केस त्यांच्याकडे आली नसावी. माझ्याकडे मात्र गेल्याच महिन्यात मुक्तिपत्राच्या रूपानं येऊन गेली होती, त्यामुळे मला या कोड्याचं उत्तर नसतं हे माहीत होतं. शेवटी ते उठले. "चाल," म्हणाले.

मी धावायला लागलो. बाबा धावले नाहीत. प्लांटमध्ये धावायला मनाई असते. ते छत्तीस वर्षं ज्या चालीनं गेटपासून शॉपपर्यंत गेले त्याच चालीनं चालत होते, आणि चाबी त्यांच्या खिशात असल्यामुळे मलाही त्याच चालीनं चालावं लागलं. देवराव काकांच्या फाटकासमोर आलो आणि माझा फोन वाजला. प्राची मॅडम होत्या. आनंद सरांनी मीटिंगमधून नंबर दिला होता.

"मिस्टर रंगारी, तुम्ही सात मिनिटांत गेलात. साडेअकराला माझ्याकडे दुसरा उमेदवार आहे. काय झालं?"

माझ्याकडे खोटं उत्तर तयार होतं. एरियाची लाइट गेली, एवढंच म्हणायचं होतं. पण मी धापा टाकत होतो, आणि खोटं बोलायला थोडा दम लागतो.

"वडिलांनी मेन बोर्डाला कुलूप लावून टॅग लावला, मॅडम. आवाज होऊ नये म्हणून. चाबी त्यांच्याजवळ आहे."

"कुलूप मोठं आहे?"

"नाही. बत्त्यानं फुटेल."

"मग फोडलं का नाही?"

मी पाठ केलेले अकरा शब्द आठवून पाहिले. एकही उपयोगाचा नव्हता. "टॅग असताना फोडत नाहीत, मॅडम. ज्यानं लावला त्यानंच काढायचा. आत कोणाचा हात असेल ते बाहेरच्याला माहीत नसतं."

"आणि आत कोणाचा हात होता?"

"कोणाचाच नव्हता. पण ते टॅग लावणाऱ्यालाच माहीत असतं."

तेवढ्यात भाजीवाल्याची गाडी गल्लीत शिरली. तिच्यावरचा भोंगा 'आलू, प्याज, टमाटर' असं ओरडत होता. बाबा गाडीसमोर जाऊन हात वर करून उभे राहिले. भोंगा बंद झाला.

"वडील आहेत तिथे?" मॅडम म्हणाल्या. "स्पीकरवर घ्या."

मी बाबांपुढे फोन धरला. पुण्याच्या साहेब आहेत हे कळल्यावर बाबांनी डोक्यावरचा रुमाल काढून हातात घेतला.

"काका," मॅडमनी विचारलं, "तुम्ही टॅग लावला आहे आणि एखादा मोठा माणूस येऊन ओरडायला लागला, आत्ताच्या आत्ता चालू करा म्हणाला. मग?"

"वरडू द्या न," बाबा म्हणाले. "चाबी माह्या खिशात हाये."

"आणि टॅग लावणाराच घरी गेला तर?"

"जात नाई. काम करनारा बाहेर येईपरेंत तो थांबते." मला वाटलं संपलं. पण त्यांनी रुमालाची घडी घातली आणि पुढं बोलले. "पन मॅडम, आज माही चूक झाली. कोनती लाइन कोनावर हाये ते काम करनाऱ्याले विचारा लागते, मंगच बंद करा लागते. मी त्याले विचारलं नाई. अन् मी जागेवर बी थांबलो नाई. पोराची चूक नाई."

बाबांनी चूक कबूल केलेली मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकली, आणि तीही थेट माझ्या हेड ऑफिसला. देवराव काका फाटकात हातातलं लाल पेन तसंच धरून उभे होते.

मॅडमनी मला आणखी तीन प्रश्न विचारले. मी भर रस्त्यात उभा राहून त्यांची उत्तरं दिली, आणि त्यात मी पट्टा, फ्यूज आणि धोंडबा काका यांच्याबद्दलच बोललो, क्लाउडबद्दल फारच थोडं. "कळवते," त्या म्हणाल्या आणि फोन ठेवला. अकरा वाजून एकतीस मिनिटं झाली होती. दुसऱ्या उमेदवाराचं एक मिनिट मी खाल्लं होतं.

घरी आल्यावर बाबा बोर्डासमोर उभे राहिले. "आता झालं काम?"

"झालं."

त्यांनी कुलूप काढलं, टॅग काढला, आणि तो उलटा करून खिशातल्या पेनसह माझ्यापुढे धरला. काम करणाऱ्यानं मागं सही करायची असते. सही करण्याआधी वाचायची माझी धंद्याची सवय आहे, म्हणून मी टॅग सुलट केला. मघाशी धावपळीत तो मी वाचलाच नव्हता.

वर छापलेलं होतं, 'सावधान. आदमी काम पर है.' खाली रकाने होते आणि ते बाबांच्या सरळ, एकेक अक्षर सुटं काढलेल्या हस्ताक्षरात भरलेले होते. काम करनेवाले का नाम: राजदीप लहानू रंगारी. काम: नौकरी बदलना. बंद करनेवाला: लहानू रंगारी, रिटायर्ड. समय: १०.५०, पंप और मिक्सर. ११.०७, बेल, इन्व्हर्टर.

"बेल मी विसरलो होतो," बाबा म्हणाले. "रस्त्यातून वापस आलो."

"तुम्हाला कोणी सांगितलं?"

"देवरावनं. तिसरी कापी माह्यापाशी हाये. संबंधितांस." ते पेटीचं झाकण लावत होते. "चांगला लिवला हाये अर्ज. जानेवारीपासून पाहून राहिलो, रोज अभ्यास करते. मले वाटे, सांगन आपल्या मनानं. नाई सांगतलं."

"गाणी ऐकतो म्हणाला होतात तुम्ही."

"मले वाटलं सूनबाईले मालूम नाई. घाबरू नये म्हनून म्हनलो."

मला फार बरं वाटलं आणि त्याहून जास्त लाज वाटली. दोन महिने मी ज्यांच्या गप्प बसण्याला भीत होतो ते दोन महिने माझ्यासाठीच गप्प बसले होते. सही कुठं करायची तो रकाना मला बराच वेळ दिसेना. बाबांनी बोट ठेवून दाखवला.

अठरा दिवसांनी मेल आली. माझी रिलायबिलिटी विभागात निवड झाली होती. निवडीचं पत्र जोडून मी आनंद सरांकडून मुक्तिपत्र घेतलं, आणि आनंद सरांसाठी देवराव काका सध्या अर्ज लिहीत आहेत, तीन प्रतींत. बाबांनी वाय-फायसाठी वेगळी लाइन टाकली. टाकण्याआधी मला विचारलं. बेल मात्र त्यांनी कायमची काढून टाकली, तिचा काही उपयोग नाही म्हणाले.

एप्रिलच्या पहिल्या सोमवारी मी नव्या विभागात पहिल्यांदा हजर झालो, म्हणजे त्याच खुर्चीत, त्याच खोलीत. कंपनीनं माझं खातं अजून उघडलं नव्हतं, तिकीट टाकलं होतं. बाहेर बेल शोधून न सापडल्यामुळे देवराव काकांनी फाटक वाजवलं.

"राजदीप हाये का? काय करून राहिला?"

"कामावर हाये," बाबांचा आवाज आला. "बारा वाजता ये."

खरं सांगायचं तर मी त्या वेळी नुसता बसलो होतो.